घारापुरीच्या अलीकडे लाँच बंद पडली

मंडळी, थोड्या वेळापूर्वीच बदलापूरला, कात्रपमधल्या घरी पोहोचले आणि लगेच हे लिहायला बसले.

मी लग्नांचे फोटो काढते. सुट्टी मिळाली की बदलापूरहून मुंबईच्या बंदरावर जाते. नांगरलेली जहाजं, तेलाचे टँकर, मागे धुरकट दिसणारी बेटं मला निवांत टिपता येतात. तिथे कुणाला हसायला सांगावं लागत नाही. आज शेजारच्या काकूंना सोबत नेलं. लाँचमध्ये बसायची त्यांची पहिलीच वेळ.

घारापुरी बेट समोर दिसत असताना इंजिन बंद पडलं. लाँच जोरात हलायला लागली, लोक लाइफ जॅकेट मागायला लागले. मी फोटो काढत राहिले.

"तुला भीती नाही वाटत का गं?" काकूंनी माझा दंड घट्ट धरून विचारलं.

मी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला, आणि मग मला भीती वाटली. पाणी फारच जवळ होतं.

दुसरं काही सुचेना, म्हणून मी कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला. "तो टँकर बघा आणि हे बटण दाबा."

त्यांनी एक डोळा मिटला. "अगं, तिथे एक माणूस कपडे वाळत घालतोय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बेट टिपलं, मग पक्षी. माझा दंड कधीच सुटला होता. इंजिन सुरू झालेलं त्यांना कळलंही नाही. मी मात्र बेट येईपर्यंत कठडा धरून बसले होते.

परतताना काकूंनी पुन्हा कॅमेरा मागितला. मी दिला नाही.

भीती वाटली की तुम्ही हातात काय धरता?