पिशवीतल्या दोन विटा

चर्चमध्ये प्रार्थनेला उभे राहिले की भाऊ आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे, सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि झोपलेल्या बाळाला थोपटावं तसं खिशाला थोपटायचे. मग डोळे मिटायचे. पहिल्या बाकावरच्या आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो. आज घरी जेवण उशिरा.

मुलांनो, नाताळच्या सुट्टीत परदेशातून आजीकडे यायचात तेव्हा तुम्ही त्यांना पाहिलं आहे. हातात अर्धी करंजी धरून त्यांच्या प्रार्थनेत तुम्ही झोपी जायचात. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. मूळचे सायखेड्याचे, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केलेले. निवृत्त झाल्यावर दर रविवारी इतरांसाठी प्रार्थना करायचं काम मंडळीने त्यांच्याकडे दिलं होतं.

उपासनेचं वेळापत्रक मी आखायची. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर दुसरं काय होणार! त्यात या प्रार्थनेला पाच मिनिटं होती. तेवढ्यात भाऊ दिल्लीतल्या राज्यकर्त्यांपासून निघून जेमतेम आमच्या गल्लीत पाणी सोडणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायचे. मग आजारी शेजारी, मग त्यांची गुरं. मी मनगट वर करून घड्याळावर बोट ठेवायची, पण मिटलेल्या डोळ्यांना ते कसं दिसणार? मध्येच वरून विमान गेलं तर ते थांबायचे. आवाज पार विरेपर्यंत सगळं चर्च गप्प असायचं. ऊन एका बाकावरून दुसऱ्यावर सरकायचं आणि आपणही कुठेतरी वर, ढगात बसलो आहोत असं वाटायचं. मग ते हळूच म्हणायचे, "त्यातल्यांनाबी सुखरूप उतरव, बापा."

स्वतःसाठी त्यांनी कधी काही मागितलं नाही. मी एकदा विचारलं होतं.

"आधी शेजाऱ्याचं, बाई. येळ उरला तर आपलं."

वेळ कधीच उरायचा नाही.

माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि चर्चमागची दफनभूमी मला तुमच्या देशाइतकी लांब झाली. सगळा उतार, काळी माती, काठी रुतायची. तुमच्या आजोबांच्या कबरीवर दर रविवारी मी फुलं ठेवायची, ते बंद पडलं. बागेतली शेवंती तशीच झाडावर सुकायची.

तेवढ्यात निवडणूक आली. एक उमेदवार म्हणाले, "दफनभूमीत रस्ता करून देतो." अर्ज मीच टाइप केला. मत मागायला आलेल्या माणसाकडून रस्ता घ्यावा का, हा प्रश्न मला पडला होता. मी त्याची नीट घडी घालून तो बाजूला ठेवला. शनिवारी पेव्हर ब्लॉक फाटकाशी येऊन पडले. रविवारी उमेदवार स्वतः पहिल्या बाकावर हात जोडून बसले.

भाऊंनी घड्याळ खिशात ठेवलं. त्यांच्या बायबलमधून सगळ्या पक्षांची पत्रकं डोकावत होती. निवडणुकीच्या दिवसांत ते ती खुणेसाठी वापरायचे. पहिलं नाव पाहुण्यांचं घेतलं. पाहुण्यांनी मान आणखी झुकवली. मग दुसरं नाव, त्यांच्या कट्टर विरोधकाचं. "त्यालाबी बुद्धी दे, त्याच्या लेकराबाळांना सांभाळ." मग तिसरं, चौथं. पाहुण्यांनी एक डोळा उघडला. मला हे कसं दिसलं, ते विचारू नका.

सोमवारी सकाळी टेम्पो आला आणि ब्लॉक भरून घेऊन गेला.

मी भाऊंना फाटकातच गाठलं. "एक रविवार गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"बाई, सहा जण उभे हायेत. पाच नावं गाळली तर ती प्रार्थना नाय ऱ्हात. प्रचार होतो."

"आणि माझा रस्ता?"

ते चपलेने माती सारखी करत राहिले.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. दर रविवारी ते दारात "सलाम, बाई" म्हणायचे आणि मी गीतांच्या पुस्तकात पान शोधायची. त्यांच्या कापडी पिशवीत आता बायबलबरोबर दोन विटा असायच्या, कुणाच्या तरी बांधकामावर उरलेल्या. उपासना सुटली की गुडघा धरत ते मागच्या बाजूला जायचे. फाटकापाशी विटांची एक ओळ सुरू झालेली मला दिसायची. उतारावर ती दिसेनाशी व्हायची. त्यांच्या पत्नीची कबर उजवीकडे, कुंपणाला लागून होती. मी मनात म्हटलं, बघा, स्वतःचा रस्ता बरोबर करतोय.

दोन वर्षं त्या विटा वाहिल्या त्यांनी. थंडीत एका सकाळी झोपेतच गेले.

दफनाच्या दिवशी धुकं होतं. आदल्या दिवशीच्या अवकाळी पावसाने सगळा चिखल झालेला. पेटी धरलेली माणसं विटांच्या दोन्ही बाजूंनी चिखलातून चालली. चर्चचे पाळक मला म्हणाले, "बाई, तुम्ही विटांवरून या." मी काठी टेकत निघाले. एकही वीट डुगडुगत नव्हती. फिटरचं काम.

मध्यावर पेटी उजवीकडे वळली, चिखलात. विटा मात्र डावीकडे वळल्या.

मी थांबले. पाळक म्हणाले, "भाऊ तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. 'बाई रागात हायेत, तवर रस्ता होऊ द्या.'"

मी विटांवरून गेले. त्या कडुनिंबाखाली संपल्या, तुमच्या आजोबांच्या पायाशी. शेवटच्या चार विटा चौकोनात बसवल्या होत्या, एका माणसाला काठी घेऊन उभं राहता येईल एवढ्या. तिथून मी पलीकडे पाहिलं. धुक्यात माणसं गुडघाभर चिखलात उभी होती आणि भाऊंना त्यांच्या पत्नीशेजारी उतरवत होती.

वरून एक विमान गेलं. दिसलं नाही, नुसता आवाज. पाळक वाचता वाचता थांबले.

सगळं संपल्यावर फाटकातून रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि पर्समध्ये ठेवलं.