तायडेबाईंची दुपारची नोंद

यंत्रानं निकाल दाखवला, की तायडेबाई आधी मनगटावरच्या घड्याळात बघायच्या, मग भिंतीवरच्या थर्मामीटरकडे, आणि मग वहीत तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, तापमान, निकाल. निकालाचा रकाना त्यांनी सगळ्यात अरुंद आखला होता.

मी अमरावतीत एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. छातीत दुखणाऱ्या माणसाच्या हृदयाला खरोखर इजा झाली आहे का, हे रक्ताच्या थेंबावरून सांगणारं छोटं यंत्र आम्ही तयार करत होतो. अशी इजा झाली की रक्तात एक विशिष्ट प्रथिन येतं. ते पकडायला आम्ही चुंबकाकडे ओढले जाणारे अतिसूक्ष्म कण वापरायचो. काडेपेटीएवढ्या पारदर्शक पट्टीत केसासारख्या बारीक वाटा कोरलेल्या, आणि पट्टीखाली तांब्याच्या तारेच्या कॉइल. कॉइलमध्ये वीज सोडली, की कण प्रथिनाला धरून वाटेनं पुढे सरकायचे आणि शेवटच्या खिडकीपाशी प्रथिन मोजलं जायचं.

रक्त घ्यायला अनुभवी माणूस हवा होता. सरकारी नोकरीतून लॅब टेक्निशियन म्हणून निवृत्त झालेल्या सुमन तायडे मूर्तिजापूरहून रेल्वेनं बडनेऱ्याला उतरून मुलाखतीला आल्या. मुलाखत त्यांनीच घेतली.

"हे कण शेवटपर्यंत पोचले का नाई, हे यंत्राले कसं समजते?"

"पोचतातच," मी म्हणालो.

"तुमी पायले?"

"मायक्रोस्कोपखाली, हो."

"दवाखान्यात मायक्रोस्कोप घेऊन कोण बसन?"

हा प्रश्न नेमणुकीशी संबंधित नाही असं मला वाटलं. मी त्यांना सोमवारपासून यायला सांगितलं.

महिन्याभरात प्रयोगशाळा त्यांची झाली. रक्ताची नळी जोरात हलवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातातून त्या ती शांतपणे काढून घेत. "हालवू नका, डोलवा. रक्त हाय थे, ताक नाई." आमचा शोधनिबंध छापून आल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. पेशंटले समजलं का?"

उन्हाळ्यात आम्ही हिवरखेडच्या बाजूला एका छोट्या दवाखान्यात चाचण्या सुरू केल्या. उपचार तिथले डॉक्टर त्यांच्या पद्धतीनं करत. आमचा निकाल फक्त ताडून बघण्यासाठी होता. त्याच रक्ताचा दुसरा नमुना अकोल्याच्या मोठ्या लॅबमध्ये जायचा. सकाळचे निकाल तंतोतंत जुळू लागले. मी खूश होतो.

एका दुपारी पन्नाशीचा एक शिंपी छाती धरून आला. भज्यांनी पित्त झालंय, असं तो प्रत्येकाला समजावत होता. आमच्या यंत्रानं त्याला दुजोरा दिला. पडद्यावर 'नाही' असं आलं. डॉक्टरांनी मात्र ईसीजी पाहिला आणि त्याला गाडीत घालून अकोल्याला पाठवलं. संध्याकाळी तिथला निकाल आला. प्रथिन भरपूर होतं. शिंपी वाचला. पुढे त्यानं तायडेबाईंना एक ब्लाउज शिवून दिलं. ते घट्ट झालं, तरी त्या घालत.

वापरलेली पट्टी मी मायक्रोस्कोपखाली धरली. खोलीची उष्णता आणि कॉइलची उष्णता मिळून द्रवातली हवा सुटली होती. वळणावर एक बुडबुडा बसला होता आणि सगळे कण त्याच्या मागे अडकले होते. खिडकीपर्यंत कोणीच पोचलं नव्हतं, आणि यंत्रानं प्रामाणिकपणे काहीच नसल्याचं कळवलं होतं.

तायडेबाईंनी वही माझ्यासमोर ठेवली. अशा चुका आणखीही होत्या, सगळ्या दुपारच्या.

"बारा वाजले का तुमचं यंत्र घरी जाते," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांनी प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीला अहवाल द्यायचा होता. मी दुपारचे नमुने 'तांत्रिक बिघाड' या सदरात टाकले, मोजणीतून वगळले, आणि यंत्र थंड खोलीत वापरावं अशी एक ओळ लिहिली. यात खोटं काही नव्हतं. अहवाल असेच लिहितात. मग नमुने घेणारी व्यक्ती म्हणून सहीसाठी तो बाईंकडे दिला. त्यांनी तो पहिल्या पानापासून वाचला. त्याला बराच वेळ लागला.

"सर, 'नाही' अन् 'सापडलं नाही' हे एकच हाय का?"

"शास्त्रीय परिभाषेत—"

"मराठीत सांगा."

"एकच नाही."

"मंग यंत्र दोघायले एकच शब्द काहून वापरते?"

मी खोली थंड ठेवण्याबद्दल बोललो.

"मंग असं लिवा का, दुपारी छातीत दुखलं त सकाळी या."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. सही केली नाही. आवाज चढवला नाही आणि नोकरीही सोडली नाही. नेहमीच्या गाडीनं घरी गेल्या.

दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. प्रयोग माझा, पदवी माझी, आणि मला अडवलं होतं एका सहीनं. तिसऱ्या दिवशी मी अहवाल पुन्हा वाचायला घेतला आणि 'तांत्रिक बिघाड' या शब्दांपाशी मला तो शिंपी खुर्चीत बसलेला दिसायला लागला. मी समितीला कळवलं, की यंत्र तयार नाही. समितीनं पुढचा टप्पा दुसऱ्या गटाला दिला.

आम्हाला आणखी वर्षाहून जास्त वेळ लागला. कॉइल सतत चालू ठेवणं बंद केलं. त्यांना आळीपाळीनं छोटे झटके देऊ लागलो, त्यामुळे त्या तापेनात. आणि खिडकीपाशी आता आधी कणच मोजले जातात. पुरेसे पोचले नाहीत, तर यंत्र 'नाही' म्हणत नाही. त्या वेळी पडद्यावर काय लिहावं यावर बैठक झाली. एका विद्यार्थ्यानं 'अवैध चाचणी' सुचवलं.

"माणसानं काय कराचं थे सांगा," बाई म्हणाल्या. म्हणून आमचं यंत्र 'पुन्हा घ्या' म्हणतं.

गेल्या हिवाळ्यात अल्पशा आजारानं त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मूर्तिजापूरला गेलो. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

"तुमी कोण?" त्यांनी विचारलं.

"मी त्यांच्यासोबत काम करत होतो."

"मंग तुमालेबी टोचलं असन."

"हो," मी म्हणालो.

"साखर तपासाले मी लय वर्सं गेलो बाईकडे. बाकीचे म्हणत, काई नाई होत, मुंगी चावल्यावानी वाटन. बाई म्हणे, दुखन, हात हलवू नका." त्यांनी बाही वर करून कोपराच्या आतल्या बाजूकडे पाहिलं. "दुखेच. पण हात कधी हलला नाई माया."