हट् चाचा आणि माझा वाघ

जगातल्या कोणत्याही थोर फोटोग्राफरचं काम पुढे ठेवा, आमच्या चाचांचं मत ठरलेलं असायचं. चष्मा कपाळावर ढकलायचा, चित्र नाकाजवळ धरायचं आणि म्हणायचं, "हट्!" त्यामुळे सगळं पांढरकवडा गाव त्यांना हट् चाचा म्हणायचा. बसस्टँडसमोर झेरॉक्सवाला आणि पंक्चरवाला यांच्या मधल्या बोळकांडीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक स्टूल, एक निळा पडदा आणि कोणी पळवू नये म्हणून दोरीने खिळ्याला बांधलेला कंगवा. एवढ्या भांडवलावर हा माणूस साऱ्या जगाला हट् म्हणत होता.

मी शाळेत मास्तर, आणि माझ्या स्वतःच्या मते वाइल्डलाइफ फोटोग्राफर. टिपेश्वरच्या जंगलाच्या आसपास राहणाऱ्या माणसाला हा रोग जडतोच. बोअरवेलच्या पाइपाएवढी लेन्स, झाडाच्या रंगाचं जाकीट, पन्नास खिशांची पॅन्ट. वाघ खिशात मावतो की काय कोण जाणे. रविवारी अशा जाकिटांनी भरलेल्या जिपा जाताना दिसल्या की चाचा पानवाल्याला म्हणायचे, "चालली वरात. नवरदेव झाडीत झोपला हाये."

मी त्यांना शिकवायला जात असे. होय, शिकवायला! नामवंतांचे फोटो मोबाइलवर दाखवायचो. हिमालयाचा एक जगप्रसिद्ध फोटो पाहून म्हणाले, "हट्. पहाड काय पयते कुठी? उभाच हाये थो. तीन दिवस बसला म्हणते याच्यासाठी. माह्या दुकानात ये, आन् तान्ह्या लेकराले तीन मिनिटं बसवून दाखव म्हणा." लढाईतल्या रडणाऱ्या मुलाचा फोटो मात्र त्यांनी बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "पोराचं नाव काय?" मी म्हटलं, नाव नाही दिलेलं, पण फोटोग्राफरला मोठं बक्षीस मिळालं. "ज्यानं काढला त्याचं नाव हाये, जो रडून राह्यला त्याचं नाई. हट्!" फॅशनवाल्यांना आणि प्री-वेडिंगवाल्यांना तर त्यांच्या दुकानात हट् म्हणण्याइतकाही मान नव्हता.

एकदाच एक फोटो त्यांना आवडला. चुलीत फुंकर मारणारी एक म्हातारी, बस्स. "यानं हिच्या हातचा चहा पेला असन," ते म्हणाले. मी विचारलं, "कशावरून?" तर म्हणाले, "म्हातारी याले भ्याली नाई. नजर पाह्य. मास्तर, फोटोत पयले नजर पाह्याची. नजर कुठं जाते, थे समजलं का फोटो समजला."

स्वतः ते आयुष्यभर फक्त पासपोर्ट फोटो काढत आले. माणसाला स्टुलावर बसवून आधी घरचं विचारायचे. पोरगी कुठं दिली, बैल कितीचा झाला. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास. बाहेरची रांग शिव्या द्यायची. मीही एकदा वैतागून म्हटलं, फॉर्मवर चिकटवायचा तर आहे! तेव्हा ते माझ्यावर खेकसले. "फॉर्मवर आज चिकटते. उद्या याच फोटोले हार घालते लोकं. त्याच्यापाशी दुसरा असते कुठी?" प्रत्येक फोटोच्या पाठीमागे ते शिसपेन्सिलीने नाव लिहीत.

आणि अशा माणसाला मी माझा बक्षीसपात्र फोटो दाखवायला गेलो. जंगलाच्या काठावरचं पडीक शेत, डाव्या हाताला गवतातून डोकं काढलेला वाघ, पुढ्यात पाच गाई. पुण्याच्या स्पर्धेत पहिला आला होता. परीक्षकांनी 'निसर्गाचा श्वास रोखलेला क्षण' वगैरे लिहिलं होतं. चाचांनी चष्मा वर ढकलला. हट् म्हणतील म्हणून मी वाट पाहू लागलो. ते म्हणाले, "वाघ या हाताले. मंग गाई त्या हाताले कोणाले पाहून राह्यल्या?"

शंभर तज्ज्ञांना जे दिसलं नाही ते या पासपोर्टवाल्याला दिसलं. उजवीकडे हिरामण होता, जवळच्या तांड्यावरचा गुराखी. वाघ दिसल्यावर तो पळाला नाही. काठी आपटत, नावं घेऊन गाईंना हाका मारत तिथंच उभा राहिला. मी जिपेत सुरक्षित बसून बटण दाबत होतो. पण त्याच्या अंगात खताच्या जाहिरातीचा पिवळा टी-शर्ट होता आणि डोक्याला गुलाबी टॉवेल. माझा निसर्ग बिघडत होता. मी कॉम्प्युटरवर त्याला पुसून तिथे गवत उगववलं. स्पर्धावाल्यांनी मागू नये म्हणून मूळ फोटोही उडवून टाकला. असा मी कलावंत!

चाचांना सगळं सांगितलं. ते हट् म्हणाले नाहीत. फोटो परत दिला आणि गिऱ्हाइकाकडे वळले. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्या पावसाळ्यात हिरामण तापाने गेला. त्याची बायको सोनीबाई त्याचं आधार कार्ड घेऊन चाचांकडे आली, यातला फोटो मोठा करून द्या म्हणून. त्यात नाक कुठं आणि डोळे कुठं तेही कळत नव्हतं. चाचांनी तिला सरळ माझ्या घरी पाठवलं.

"मास्तर, आमच्या मालकाचा मोठा फोटो तुमच्यापाशी हाये म्हणते चाचा."

समोरच्या भिंतीवर तो वाघाचा फोटो होता. मी खाली मान घालून खरं ते सांगितलं. ती शिव्या देईल असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती भिंतीजवळ गेली. "हे कबरी. हे चांदी. हे मोरी," ती बोट ठेवत म्हणाली. मग थांबली. "त्यालेच पाहून राह्यल्या ना?"

"हो."

"कुठं होता थो?"

मी गवतावर बोट ठेवलं.

"मंग हाच द्या."

चाचांनी फ्रेम केली. मागे माझ्या नावाचा शिक्का होता, त्यावर कागद चिकटवला आणि पेन्सिलीने लिहिलं, हिरामण. तेराव्याला मी तांड्यावर गेलो तेव्हा फोटोला हार होता, आणि सोनीबाईने काचेवर, त्या कोऱ्या गवतावर, गंधाचा टिळा लावला होता. बरोबर कपाळाच्या उंचीवर. गाई त्या टिळ्याकडे बघत होत्या.

मी परत येऊन चाचांना सांगितलं. डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता तरी म्हातारा पाठीवर हात ठेवील.

"हट्," चाचा म्हणाले. "कायले रडतं? थो फोटो तिनं काढला."

चाचा जाऊन दीड वर्ष झालं. बोळकांडीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माझी लेन्स कपाटात आहे. रविवारी तांड्यावर जातो, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोटो काढतो. आधी चहा पितो.