पेटीतलं बोलणं

एडवणच्या हंसाला सहाव्या वर्षी ताप आला, आणि जाताना तो तिचे दोन्ही कान घेऊन गेला. बोलणं राहिलं, पण एका पट्टीतलं, म्हणून ते ती चारचौघांत फारसं काढायची नाही. पुढची चाळीस वर्षं तिने शिलाई मशीनवर आणि माणसांच्या ओठांवर नजर ठेवून काढली. कोण कोणाबद्दल काय बोलतंय, ते तिला रस्त्यापलीकडून कळायचं. तरी बायका तिच्यासमोरच म्हणायच्या, "हिला काय कलतंय!" अशांचे ब्लाउज ती काखेत मुद्दाम घट्ट शिवायची.

तिच्या चुलतभावाचा मुलगा ललित तारापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये होता. शंभर वर्षांपूर्वीच्या एका जर्मन मूकपटाने त्याला झपाटलं होतं. सिनेमा भुताचा. पांढरेफटक चेहरे, काजळाने बरबटलेले डोळे, भिंतीवर चढणाऱ्या सावल्या. एकदा त्याने तो समाजमंदिरात पडदा बांधून दाखवला. लोक पोट धरून हसले आणि अर्ध्यातच उठून गेले. हंसा जागची हलली नाही. त्या नटांना आवाज नव्हता, म्हणून त्यांनी सगळं बोलणं मानेत, बोटांत, भुवयांत आणलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या खोलीत कोणालाही तिच्यापेक्षा जास्त ऐकू येत नव्हतं.

म्हणून ललितने तसाच मूकपट काढायचं मनावर घेतलं, तेव्हा कपडे शिवायला हंसा आपणहून पुढे झाली. नायिका होती बेटेगावची मोनाली, ललितच्याच कंपनीत पॅकिंगला. कॅमेऱ्यावर केदार. आवाज नोंदवायचाच नव्हता, त्यामुळे नटांना भाव चढावा म्हणून ललित शूटिंग चालू असताना मोठ्या स्पीकरवर वाद्यं लावायचा. नटांनी ओठ हलवायचे, शब्द काय वाटेल ते. मोनाली भुताला शाप दिल्याचा आव आणून "काल माझे वाल करपले गं मावशी" सांगायची, आणि हंसा तोंडात दोरा धरून हसू दाबायची. हे गुपित फक्त दोघींचं होतं.

त्या रविवारी सकाळी मोनालीने जरा अतीच केलं. खिडकीतून घाबरून बघायच्या प्रसंगात तिने डोळे विस्फारले. "मावशी, विंचू! मेले, धाव!" हंसा झाडू घेऊन, शूटिंगच्या जागेभोवती बांधलेली दोरी ओलांडून धावली ती थेट कॅमेऱ्यासमोर, वायरीत पाय अडकला आणि दिवा फुटला. विंचू कुठला न् काय! मोनालीने हसतहसत कान पकडले, पण ललितचं डोकं फिरलं.

"आत्या, तुला आमचं काम कलत नाय. परत दोरीच्या आत पाय टाकलास तर उद्यापासून येऊ नको."

कळत नाही! जन्मभर ऐकलेलं हे वाक्य घरच्या पोराच्या ओठांवर बघून हंसाला फार लागलं.

दुपारी किनाऱ्यावर शेवटचा प्रसंग होता. मढं पेटीतून उठतं. पेटी म्हणजे मासळी बर्फात ठेवायचा जाड भिंतींचा, हवाबंद खोका, झाकणात सुताराने काच बसवलेली. मोनालीने आत निजायचं, डोळे उघडायचे, तडफडायचं, आणि ललितने हात वर केला की झाकण ढकलून उठायचं. केदार शिडीवरून काचेवर वाकला. त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र सुरूच्या झाडांच्या सावलीतल्या टीव्हीवर दिसत होतं. झगा नीट दिसतो का, ते हंसाने दोरीमागे बसून तिथेच बघायचं.

झाकण पडलं. त्या धक्क्याने बाहेरची कडीही खाली बसली. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, कडीकडे कोणीच नाही.

मोनालीने डोळे उघडले, तडफडली. ललितने हात वर केला, पण ती उठली नाही. उलट काचेवर मुठी आपटायला लागली. ललित खूश. "चालू ठेव, केदार! काय काम करतेय पोरगी!"

टीव्हीवर मोनालीचे ओठ हलले. "उघडा."

हंसा अर्धी उठली आणि परत बसली.

"मावशी, आता खोटं नाय."

वा गं वा! सकाळी विंचू, आता हे. दिवा फुटला, अपमान झाला, पोरीचं पोट अजून भरलं नव्हतं. हंसाने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा आत जाईना. तिने पुन्हा वर बघितलं.

थट्टा करताना मोनाली शब्द सुटेसुटे करायची, हंसाला वाचता यावेत म्हणून. हे तोंड आता कोणाशीच बोलत नव्हतं. "आई", मग नुसती उघडझाप, मग अर्धाच "आई". काचेवर वाफ धरत होती. हनुवटी गेली, नाक गेलं, शेवटी ओठही पुसले गेले. पडद्यावर नुसती पांढरी काच राहिली.

हंसा दोरी तोडून धावली. ललित हात पसरून आडवा आला. "आत्या, नाय!" तिने तो एका पट्टीतला आवाज होता नव्हता तेवढा काढला, "ती मरतेय रे!" स्पीकरने तो गिळला. तिने ललितला ढकललं, शिडीला धक्का दिला, केदार कॅमेऱ्यासकट वाळूत पडला. कडी बोटांनी हलेना. कमरेची कात्री खुपसून तिने ती उचकटली आणि झाकण भिरकावलं. मोनाली निळी पडली होती. हंसाने तिला बाहेर ओढून पाठीत जोरजोरात थापट्या मारल्या, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला.

मग काय, गावभर हंसाचं कौतुक. ललित तर पाया पडून रडला. घट्ट ब्लाउजवाल्यासुद्धा पेढे घेऊन आल्या. हंसाच्या गळ्याखाली एकही उतरला नाही.

तो प्रसंग ठेवायचा की काढायचा, हे ललितने मोनालीवर सोडलं. ती म्हणाली, "ठेव. पण पाट्या मावशी लिहील." मूकपटात मध्येमध्ये काळ्या पाटीवर संवाद येतो, त्या पाट्या. "आम्ही कोण काय बोललो, ते तिच्याशिवाय कोणाला ठाऊक?" मोनाली म्हणाली.

समाजमंदिर भरलं होतं. वाल करपल्याच्या पाटीवर लोक खदखदून हसले. मग पेटी आली, मुठी आपटल्या आणि पाटी उमटली:

"उघडा. मावशी, आता खोटं नाय."

हसणं थांबलं. लगेच दुसरी पाटी आली. ही कोणाच्याच ओठांवरची नव्हती, ललितनेही ती निमूटपणे चिकटवली होती.

"हे मी वाचलं, आणि तरी बसून राहिले. हंसा."

माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. हंसाने डोळे घट्ट मिटून घेतले. आता तिला कोणाचंच काही ऐकायचं नव्हतं. शेजारी मोनाली होती. तिने हंसाची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि ती डोळे उघडेपर्यंत थांबली. मग पडद्याच्या उजेडात शब्द सुटेसुटे करत म्हणाली,

"पण आलीस ना, मावशी."