मागे नेलेली तारीख

टर्पेंटाइनचा वास आला की मला जोह्यातला तो गणपतीचा कारखाना आठवतो. मालक गेल्याला वर्ष होत आलं होतं. तिथल्या जुनाट कॉम्प्युटरवर अपडेट अर्ध्यावर जाऊन मागे फिरायचा आणि बुकिंगची यादी उघडत नव्हती, म्हणून मालकीणबाईंनी मला पेणहून दुरुस्तीला बोलावलं. बघतो तर मशीनची तारीख वर्षभर मागे! म्हटलं, घड्याळ चालवणारा आतला सेल गेला असणार. नवा सेल घातला, तारीख नीट केली, हात धुऊन आलो, तर तारीख पुन्हा तीच जुनी. भर दुपारी अंगावर काटा आला. पाठीमागे रंगवलेल्या मूर्तींची रांग होती आणि एकीलाही डोळे नव्हते. त्यांच्यापुढे ओला ब्रश ठेवत बाई शांतपणे म्हणाल्या, "मीच केली मागं. त्या दिवशी हे होते ना. डोळ्यांची आखणी राहिलीय त्यांची, येतील." मी चाचरत म्हटलं, "वहिनी, तारीख चुकीची असली तर अपडेट व्हायचा नाय." "मग नको. यादी वहीत लिहीन. तारीख हलवू नको." मी पिशवी उचलली. आजही कुणाच्या मशीनची तारीख बदलण्याआधी मी एकदा मागे वळून पाहतो.