बोनेटवरचं अर्धं स्वस्तिक

बोनेटवरचा पांढरा थेंब बघता बघता गुलाबी झाला. आधी वाटलं, माझ्याच डोळ्यांना काहीतरी झालंय.

गाडी नवीकोरी. तामलवाडीच्या संतोषरावांनी ती तुळजापूरला पूजेला आणली होती. नारळ फोडताना करवंटीचा तुकडा उडाला आणि बोनेटवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका गेला. तिथून गाडी थेट आमच्या रंगकामाच्या शेडमध्ये. सोबत त्यांची आई.

"तुला म्हणलं हुतं आई, लांब फोड."

"मग काय, नारळ सोलापुरात जाऊन फोडू?"

शेड रफिकभाईंची. मी भंडाऱ्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इथं ओळखीचं कुणी नसताना त्यांनी काम दिलं, वर शेडमागची खोली दिली. त्यामुळं मला कायम धाकधूक: आज काहीतरी बिघडवणार आणि उद्या एसटीत बसणार. म्हणून प्रत्येक कामाची मी दुप्पट काळजी घेतो. बहुतेक कामं त्या काळजीनंच बिघडतात.

"स्वस्तिकाला हात लावायचा न्हाय," संतोषरावांनी बजावलं. "पुजाऱ्यांनी काढलंय." आणि ते चहाला गेले.

टच-अप म्हणजे फार काही नाही. टवका साफ करायचा, बारीक ब्रशनं गाडीच्या रंगाचा थेंब सोडायचा. तो वाळला की वर क्लिअर कोट, म्हणजे चमक देणारा पारदर्शक थर. अवघड एवढंच, की थेंब वाळेपर्यंत गप्प बसायचं. ते मला जमत नाही. संतोषराव येतील, ओलं बघतील, चिडतील, या विचारानं मी टेबलफॅन आणून बोनेटकडं तोंड करून लावला.

बोनेटवर पूजेचं सुकं कुंकू सांडलेलं होतं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फॅन लागला आणि कुंकू उडून ओल्या थेंबावर बसलं.

ओला रंग थिनरनं निघतो. मी घाईत फडकं असं भिजवलं, की थिनर ओघळून थेट स्वस्तिकात. ओघळ बाहीनं पुसायला गेलो, तर स्वस्तिकाचा खालचा भाग बाहीवर आला.

रफिकभाई धावत आले. एरवी ते ओरडतात. त्या दिवशी आवाज खाली गेला.

"अरे बाबा, ये क्या किया? रफिकच्या शेडात पूजा पुसली म्हणतील लोक. कोण येईल मग इथं?"

माझी नोकरी जाईल एवढंच तोवर माझ्या डोक्यात होतं. त्यांची शेडही जाऊ शकते, हे तेव्हा कळलं.

"पुसलंस व्हय?" खांबाजवळून आवाज आला. संतोषरावांच्या आई तिथं उभ्या आहेत, हे आम्ही दोघं विसरलोच होतो.

मी हात जोडले. "मावशी, चुकून..."

"मुद्दाम कोण पुसतंय? पाणी आण वाटीत."

त्यांनी पिशवीतून देवळातली कुंकवाची पुडी काढली, बोट ओलं केलं आणि खालचा भाग काढायला घेतला.

"मावशी, असं चालतं का?"

"घरच्या उंबऱ्यावर कोण काढतं मग? पुजारी येतो व्हय रोज? त्यो पंखा बंद कर आधी."

पंखा बंद केला. स्वस्तिकावर कागद धरून गुलाबी थेंब पुसला आणि नवा सोडला. या वेळी मावशी शेजारी उभ्या, त्यामुळं मला हलायची सोय नव्हती. थेंब वाळला. क्लिअर कोट बसला.

संतोषराव आले, वाकून टवका शोधायला लागले. सापडेना. मग नजर स्वस्तिकावर गेली.

"हे खाली ओलं कसं?"

"म्या काढलं. पुजाऱ्याचं वाकडं झालं हुतं."

संतोषरावांनी एकदा आईकडं बघितलं, एकदा माझ्या लाल बाहीकडं, आणि गाडीत जाऊन बसले.

गाडी गेल्यावर मी रफिकभाईंपुढं मान खाली घालून उभा राहिलो.

"पूजेची गाडी आली तर पयलं काय करायचं?"

"स्वस्तिकावर कागद."

"न्हाय," ते म्हणाले. "पयलं म्हातारीला खुर्ची द्यायची."