पंधरा फर्मे आणि एक पिक्चर

पिक्चर नुसता वाईट निघाला असता तर मला एवढं वाटलं नसतं. वाईट पिक्चर काय कमी बघितलेत! पण हा आमच्या कादंबरीवरचा होता. आमच्या म्हणजे माझ्या आणि ह्यांच्या.

नव्व्याण्णव साली मी रत्नागिरीत हायस्कूलला गणित शिकवत होते आणि हे चिपळूणजवळ पोफळीला वीजघरात. माझी नोकरी कायमची, ह्यांची शिफ्टची, मूलबाळ नाही. पंधरा दिवसांनी शनिवारी हे एसटीने यायचे, सोमवारी परत जायचे, आणि मधले दिवस मी भिंतींशी बोलायचे. पुस्तकं होती म्हणून निभावलं.

एकदा पुस्तक प्रदर्शनात एक विज्ञान कादंबरी स्वस्तात मिळाली, कारण तिची बांधणी उसवली होती. सोळा-सोळा पानांचे पंधरा फर्मे नुसते एकावर एक ठेवलेले. मी एका बैठकीत फडशा पाडणार हे ओळखून हे म्हणाले, "असं करू. सगळं मी नेतो. तिकडे वाचत जाईन आणि येताना एकेक फर्मा तुला आणीन. बरोबरीने वाचू." लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण इतकं रसिक हे कधी बोलले नव्हते. मी हरखलेच.

कादंबरीतली बाई दूरच्या ग्रहावर एकटी राहते. तिचा आवाज पृथ्वीवर पोचायला अकरा वर्षं लागतात. तरी ती रोज संध्याकाळी दिवसभराचं सांगते, आज काय खाल्लं, कुठलं यंत्र बिघडलं. शनिवारी फर्मा हातात पडला की चहा गार होईपर्यंत मी तो संपवायचे, आणि रविवारी जेवताना फळ्यासमोर उभी असल्यासारखी हातवारे करत त्यावर बोलायचे. हे 'हं, हं' करत कुळथाचं पिठलं ओरपायचे. हे माझ्यापुढे असणार म्हणून मीच दम दिला होता, "पुढचं एक अक्षर सांगाल तर बघा!" ह्यांनी कधीच सांगितलं नाही. काय संयम आहे माणसाला, मला वाटायचं. ते सात-आठ महिने मी सुखात होते. शाळेतल्या बायका नवऱ्यांचं कौतुक सांगायला लागल्या की मी मनात म्हणायचे, बोला गं, तुमच्यातल्या एकीच्या तरी नवऱ्याने कधी पुस्तक हातात धरलंय का?

चार वर्षांनी त्या कादंबरीवर हिंदी पिक्चर आला. दोघांनी मिळून बघायचा ठरवला, पण नेमकी त्या खेपेला ह्यांना यायला रजा मिळेना. पिक्चर उतरायची वेळ आली तेव्हा रविवारी दुपारच्या खेळाला मी एकटीच गेले.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ग्रहावर गाणी काय, नाच काय. अकरा वर्षं नाहीत नि काही नाही. बाई बटण दाबते आणि नायकाशी गप्पा मारते, जशी काय चिपळूणलाच राहते. शेवटी तो यान घेऊन येतो नि तिला घरी नेतो. अहो, कादंबरीत तिला न्यायला कोणी येत नाही! येणार नाही हे तिला कळतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी ती बोलायला बसते. ते वाचून मी पदराने डोळे पुसले होते. थेटरात लोक टाळ्या वाजवत होते. मला फार एकटं वाटलं. माझा संताप समजेल असा जगात एकच माणूस आहे, आणि तो पोफळीला आहे, असं वाटलं.

घरी आल्या आल्या फोन लावला. "अहो, सत्यानाश केला मेल्यांनी!"

"कशाचा?"

"आपल्या कादंबरीचा! पिक्चर बघून आले आत्ता."

"असं होय? मी गुरुवारीच बघितला चिपळूणला. शिफ्टमधली मंडळी निघाली होती, म्हटलं चला." आवाज खुशीत होता. "चांगला आहे की. शेवट तर झकास."

"पुस्तकात असाच शेवट आहे?" मी विचारलं.

"म्हणजे काय, पुस्तकातलाच घेतलाय ना?"

मला उमगलं. पाठोपाठ ह्यांनाही. "अगं, मला वाचायचा कंटाळा, तुला ठाऊकच आहे. पण तू खूश व्हायचीस, म्हणून न चुकता आणत होतो."

मला ठाऊक नव्हतं. पंधरा वेळा आठवणीने पिशवीत घालून आणायचं, यात माया होती, नाही म्हणत नाही. पण एवढे महिने मी बोलत होते ते कोणाशी? पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर ह्यांना तोंड उघडायची बंदी मीच केलेली. राग माझ्या नाकावर असतो, सगळी शाळा सांगेल. त्या दिवशी तो आलाच नाही. फोन ठेवला आणि दिवा न लावता बसून राहिले.

पुढच्या शनिवारी हे आले, जरा ओशाळलेले. जेवताना आपणहून म्हणाले, "मग पुस्तकात त्या बाईचं शेवटी होतं तरी काय? सांग की." ह्यांना खरंच ऐकायचं होतं. हातातला घास तसाच धरून थांबले होते. ते शेवटचं पान मला पाठ होतं.

"पिक्चरात दाखवलंय तेच," मी म्हटलं, आणि भात वाढला.